रिकामी खोकी

लॅमिंग्टन रोडवर आमचं दुकान सात फूट रुंद.
त्यात काचेची शोकेस साडेचार फूट,
आणि सगळं भांडण त्या साडेचार फुटांचं.

दर महिन्याच्या सातला मुकादम येतो,
सोहेल मुकादम, निळ्या कंपनीचा मोजणीवाला.
शिंप्यासारखी गळ्यातली टेप काढतो
आणि शोकेसची छाती मोजतो.
निळी खोकी किती, तांबडी किती,
डोळ्यासमोर कोण, गुडघ्याशी कोण.
फोटो काढतो. चहा नको म्हणतो,
मग अर्धा घेतो.

म्हणून सहाच्या रात्री मी
तांबड्यांना खाली उतरवतो, निळ्यांना वर बसवतो.
दहाला तांबड्यांची प्रणिता तांडेल येते,
खांद्यावर गुंडाळलेलं पोस्टर, हातात तसाच तक्ता.
नऊच्या रात्री पुन्हा तेच, उलटं.
छेडाशेठ म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणे,
आपण बघ, दोन्हीकडे जेवतो.
पंखा निळ्यांनी दिला. पाटी तांबड्यांनी.
पाटीवर ते केवढे तरी,
आणि शेठच्या वडिलांचं नाव, जे इथे रेडिओचे व्हॉल्व्ह विकायचे,
खाली कोपऱ्यात, फोन नंबरच्या जरा वर.

आता आतली गोष्ट सांगतो:
खोकी रिकामी आहेत.
माल ड्रॉवरमध्ये, बडीशेपेच्या डब्याशेजारी,
शंकरपाळ्याएवढा.
पूर्वी त्याला खाली पाय असायचे, शेकड्यांनी.
एक वाकला की पेन्सिलीची पोकळ नळी त्यावर चढवून
श्वास धरून सरळ करायचा.
निळा की तांबडा, तेव्हा बोटांना कळत नसे.

मे महिन्यात खारीगावहून एक मुलगी आली, आईबरोबर.
आईच्या पर्समध्ये रबर लावलेल्या नोटा,
बोटांना हळद.
मी सुरू केलं: कोर इतके, वेग इतका,
हा गरम होतो, तो होत नाही,
त्या दिवशी जे वर होतं त्याची जरा जास्त स्तुती.
मुलगी म्हणाली, काका, तुमच्या घरी कुठला आहे?

एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
प्रतीक्षानगरला खोलीत टीव्ही आहे, मिक्सर आहे,
एक शिवणयंत्र आहे, बंद.
नाही म्हटलं. कुठलाच नाही.
आई हसली, मग हसू आवरून म्हणाली, दोघांत फरक किती?
सातशे.
सातशे म्हणजे आमचे दहा डबे, ती मुलीला म्हणाली,
आणि दोघी बराच वेळ
डबे मोजत उभ्या राहिल्या.

कुठला घेतला ते सांगणार नाही.
मुलगी म्हणाली, खोकंही द्या.
बाकीच्या खोक्यांचा स्टॉक वरच्या माळ्यावर,
शिडी शेजाऱ्याकडे,
मी शोकेसमधलंच काढून दिलं.

ती तारीख सहा होती. मी विसरलो.

सकाळी मुकादमने टेप लावली, खोकी मोजली,
मग त्या मोकळ्या जागेशी थांबला.
चार इंच. मागे काचेवर धुळीचा चौकोन.
ही कोणाची?
म्हटलं, गिऱ्हाइकाची.
त्याने तक्ता वरून खाली पाहिला, पान उलटलं,
त्याला रकाना नव्हता.
पेनाचं टोपण लावलं,
आणि त्या दिवशी पूर्ण चहा प्यायला.