न घडलेल्याची वही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या प्रोसेस हाउसला चिकटून आमची लॅब :
बारा बाय चौदा, वर पत्रा.
इथे मी रंग जुळवते.
गिऱ्हाइकाचा मोरपंखी आणि आमचा मोरपंखी
एक होईपर्यंत बीकर उकळत राहतात.

दारामागे, खिळ्याला सुतळीने बांधलेली, एक वही आहे.
तिच्यात फक्त न घडलेलं लिहायचं.

३ एप्रिल.
लिंबू-सोड्याच्या बाटलीत कॉस्टिक सोडा, लेबल नाही.
व्यंकटनरसू कुरापाटी यांनी बूच काढलं, बाटली ओठांपर्यंत नेली.
बोटांना बुळबुळीत लागली म्हणून थांबले.
नंतर बराच वेळ ते नळाखाली हात धरून उभे होते
आणि कुणाशी बोलत नव्हते.

१९ एप्रिल.
हायड्रोसच्या पिंपाचं झाकण रात्रभर उघडं.
सकाळी पिंप गरम, घशात गंधक.
मल्लिनाथ, नवा पोरगा, बादली घेऊन धावला.
अंबव्वा झाडू टाकून किंचाळली, "पाणी नको बे! पाण्यानंच पेटतंय ते!"
पोरगा थबकला. बादली त्याच्याच पायांवर सांडली.
बस्स, तेवढंच.

७ मे. पारा चव्वेचाळीस.
डोळे धुवायचा नळ दुपारी दोनला उघडून पाहिला.
छपरावरच्या टाकीतलं पाणी, चहापत्ती टाकावी असं.
म्हणजे जळता डोळा घेऊन कोणी आलं असतं
तर आम्ही त्याला हाताला धरून, धीर देत,
या पाण्यापाशी आणलं असतं.
टाकीवर आता गोणपाट आहे.
नळाला पाणी पाच दिवसांआड येतं,
तरी गोणपाट रोज भिजवायचं. त्यावरून भांडणं झाली.
तीही लिहिली.

बिराजदारसाहेब वही चाळतात, पानागणिक आठ्या.
"एवढं लिहिता, बाई? उद्या बाहेरचं कोणी वाचलं तर?"
मी म्हटलं, "त्यासाठीच आहे साहेब.
कोणीतरी वाचलं पाहिजे."
साहेबांना त्यातला एकच अर्थ कळला.

जूनमध्ये वही कोरी.
गेटजवळच्या फळ्यावर हिरव्या खडूने मोठं शून्य,
पेढे आले. मी एक खाल्ला.
रात्री झोप लागेना.
एकवीस माणसं, तीन पाळ्या, ओली फरशी,
आणि महिनाभर कुणाचा पायसुद्धा सरकला नाही?
पंखा फिरत होता, मी शून्याकडे पाहत होते.
त्याच्या आत काय काय झाकलंय, दिसत नव्हतं.

मग अंबव्वा डबा खाताना बोलली,
भाकरीवरची शेंगाचटणी बोटाने सारखी करत :
मल्लिनाथचा अर्धा दिवस कापलाय.
एकोणीस एप्रिलच्या नोंदीवरून.
माझ्याच अक्षरातल्या.

त्यानंतर कुणाचंच काही चुकत नव्हतं.

२ जुलै.
राजमणी गज्जम, म्हणजे मी.
पाण्यात आम्ल घालायचं, हे चौदा वर्षं दुसऱ्यांना सांगितलं.
आज आम्लात पाणी घातलं.
फोन वाजत होता, पोरीचा निकाल होता. हे कारण नाही, पण वाजत होता.
बीकर खवळला. गॉगल कपाळावर होता.
थेंब गॉगलच्या काचेवर आला,
डोळ्याच्या दोन बोटं वर.

लिहिलं. सही केली. अकरा दिवस घेतले लिहायला,
तेही लिहिलं.

दुसऱ्या सकाळी खाली एक ओळ, तेलुगूत,
कुरापाटींचं थरथरतं अक्षर : हातमोजा फाटका होता, बोललो नाही.
त्याखाली पेन्सिलीने : मी पण. गेल्या गुरुवारी. शिडी.
नाव नाही. शिडी आता दोघं धरतात.

मल्लिनाथचा अर्धा दिवस अजून मिळालेला नाही.
तीनदा विचारून झालं.
पण ते इथे लिहिता येत नाही.
ते घडलेलं आहे.