गाडीवरची गाडी

कोलाडला ट्रक चढवला वॅगनवर.
टायरांना साखळ्या, चाकांपुढे ठोकळे,
वरच्या तारेपासून जपा अशी तंबी.
मग चावी काढून खिशात टाकली
आणि निघालो गोव्याला.

बावीस वर्षांत असा बसलो नव्हतो कधी,
इंजिन गप्प, आणि झाडं मात्र मागे पळतायत.
वीर गेलं. करंजाडी गेलं.
उजवा पाय प्रत्येक वळणाला
उगाच ब्रेक दाबतो.

हौद्यात लाद्या वाजतात
हे आजच कळलं.
पंगतीत ताटं मांडावीत तशा वाजतात.

शेठचा हिशेब सरळ:
भाडं इतकं, डिझेल वाचलं इतकं, टायरची झीज नाही.
"आणि इद्रुस, तुझी झोप फुकट."

माझा हिशेब रुमालाचा.
कशेडी उतरलो की नाक पुसायचं,
रुमालावर चार आण्याएवढा काळा डाग.
मेहरून धुताना म्हणायची,
हा तुझा खरा पगार.
आज खेड मागे पडलं
तरी रुमाल घडीतच.

वाशिष्ठीच्या पुलावरून लांबवर घाट दिसला.
तुंबलेले लाल दिवे, एकामागे एक,
आणि त्यांच्यावर धूर
बसलेल्या म्हशीसारखा, उठायचं नाव नाही.
इतकी वर्षं तिच्या पोटात होतो.
केवढी आहे, ते आज दिसलं.

करबुड्याच्या बोगद्यात काहीच दिसत नाही.
तेव्हा माणूस नको ते आठवतो.
हातखंब्याला सुगंधा रेवाळेची टपरी,
रात्री दोनला आलं ठेचलेला चहा.
ट्रक कमी झाले की धूर कमी,
चहाही कमी.
तिच्या टपरीला कुठली वॅगन?
आणि ही तारेतली वीज,
तिच्यासाठीही कुठेतरी कोळसा जळत असेल,
तिथे असेलच एखादी मेहरून,
रुमाल घासत.
सगळाच काळा डाग धुतला गेला
असं मी म्हणणार नाही.
निम्मा म्हणेन.
निम्माही पुष्कळ झाला.

वेर्ण्याला उतरायच्या वेळी चावी फिरवली.
पहिला धूर नेहमीचाच, काळा, खोकत.
साखळ्या सोडणारा पोरगा मागेच उभा होता,
त्याने नुसतं तोंड फिरवलं,
सवयीनं, राग नाही की काही नाही.

मी इंजिन बंद केलं.
तो साखळ्या गोळा करून लांब जाईपर्यंत
तसाच बसून राहिलो.
मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.