घर क्रमांक ४१/२.अ

शिवोलीच्या पंचायतीत घरपट्टीची यादी
मी पडद्यावर चढवतो आहे.
सगळी घरं उघडतात, इनासिना द'सांचं नाही.
तिसऱ्यांदा आल्यात. पिशवीत पोळे, हातात जुनी पावती.
"भाटकाराचं दिसतं, माझं कित्याक ना रे?"

कसं सांगू, बाई.
नाव आकड्यानं सुरू झालं की
ही भाषा उंबऱ्यातच अडते.
तिरप्या रेघेचा तिला अर्थच लागत नाही,
आणि टिंब दिसलं की विचारते, कुठला वर्ग?

तुमचं टिंब तर साधं.
कुणा कारकुनानं टेकवलेलं,
भाटातल्या माडांमागे मुंडकाराचं एक घर आहे
एवढंच सांगायला.

म्हणून मी टिंबाआधी उलटी रेघ ठेवतो.
म्हणतो, इथे तुझा हुकूम नाही, नुसता बस.
रविवारी फौजदार मिसाला येतो,
टोपी मांडीवर, शेवटच्या बाकावर,
तसा.

पहिल्या चाराचे हाल जास्त.
त्याला स्वतःच्या तोंडानं येताच येत नाही.
उलटी रेघ, तीन, चार,
आणि मागे बोटभर मोकळी जागा,
नाहीतर शेजारचा एक त्यात विरघळतो.
ही जागा शोधण्यात माझी दुपार गेली.

घर उघडलं.
चष्मा नाही म्हणून त्या पडद्याला नाक लावून वाचतात,
बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं:
एकेचाळीस. तिरकं. दोन.
मग थांबतात.
"टिंब आसा मरे अजून?"

आहे, बाई.