निजण्याची रीत

कुडतरीला, तळ्याच्या बांधालगत
क्लेमेंतीनाची खोप.
दारातल्या खिळ्याला मी यंत्र टांगलं:
तीस अंश, दमटपणा अठ्ठ्याऐंशी.
लिहायला घेतलं तर कागदच ओलसर,
पेन उमटेना.

डुकरीण आडवी. तिला घाम फुटत नाही,
ती नुसता श्वास उपसते,
आटत्या विहिरीतून पाणी उपसावं तसा.
पिलं नऊ, चार दिवसांची.
त्यांना ऊब हवी, आईला गारवा,
आणि खोप एकच.

"गर्मी जाता गो बाय तुका?"
क्लेमेंतीना तिच्या मानेवर ओलं गोणपाट टाकते,
मग दोरीची एक गाठ सोडून
बल्ब वीतभर वर घेते.
माझा आकडा ती विचारत नाही.

ढीग करून निजली तर थंडी, म्हणते,
चहूकडे पांगली तर उकाडा.
पाठीला पाठ लागलेली,
पण कुणी कुणाच्या अंगावर नाही,
असं दिसलं की मी जेवायला बसते.

रात्री दोनला वीज गेली.
यंत्रात चोवीस. जमीन गार, चिकट.
पिलं एकमेकांवर चढू लागली,
खालचं एक बारीक ओरडलं.
ती घरात गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला.
नवऱ्याचा जहाजावरचा जाड कोट,
उत्तरेकडच्या समुद्रासाठी घेतलेला,
इथे एकदाही न लागलेला,
तिने पेंढ्यावर पसरला.

पहाटे मोजली: आठ.
नववं बाहीत शिरलेलं,
मनगटाकडून फक्त नाकाड बाहेर.

माझ्या तक्त्यात कोटाला रकाना नव्हता.
शेरा म्हणून लिहिला.
क्लेमेंतीना जेवत होती, पहाटे पाचला,
कालची पेज.