एक टक्का सवलत

घर माझ्या नावावर घेतलं, त्याचं कारण प्रेम नव्हतं.
बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी,
म्हणजे एकवीस हजार वाचतात,
असं एजंटने कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवून दाखवलं
आणि दिगंबर म्हणाला, मग हिच्याच नावावर करू.

पाथर्डी फाट्याच्या आत, तिसरा मजला, वन बीएचके.
बाल्कनीतून पांडवलेणी दिसतात म्हणाला.
दिसतात, कठड्यावरून कमरेपर्यंत वाकलं तर.
मी वाकले. डोंगराच्या पोटात ती काळी दारं.
उगाच मनात आलं,
तिथं राहून गेलेल्यांना डिपॉझिट किती पडलं असेल.

एकवीस लाख. बँक नव्वद टक्के देते.
उरलेले दहा, वर शुल्क, वर नोंदणी,
तीन लाख छत्तीस हजार आमचे.
आमचे म्हणजे
निकुंभ वहिनींची भिशी, पहिल्याच महिन्यात उचललेली,
माझे गोट, एका बँकेत ठेवले दुसऱ्या बँकेसाठी,
दिगंबरच्या सोसायटीचं कर्ज,
आणि सिन्नरच्या भावाचे, गादीच्या दुकानाच्या गल्ल्यातले,
रुमालात बांधून देताना म्हणाला,
तुझ्या वहिनीला कळू देऊ नको.

मार्जिन मनी स्वतःचीच आहे ना? मॅनेजरने विचारलं.
क्षणभर थांबून मी म्हणाले, स्वतःचीच.

दिगंबर नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोरून पैसा जातो,
ओला, न कापलेला, शाईचा वास मारणारा.
भोंगा झाला की झडती देऊन बाहेर येतो,
खिशात चुन्याची डबी आणि रिक्षापुरते वीस रुपये.
त्या महिन्यात जेवताना गप्प असायचा.
एकदाच म्हणाला,
आज किती छापल्या ते विचारू नको.

हप्ता सोळा हजार पाचशे बावीस.
भाडं येणार साडेआठ.
मधल्या खड्ड्यात मी साड्यांचे फॉल टाकते,
तो ओव्हरटाइम.
कुंभ आला की भाव दुप्पट, एजंट सांगत होता.
कुंभ बारा वर्षांनी येतो,
हप्ता दर पाच तारखेला.

पहिले दोन महिने कुणी फिरकलंच नाही.
पंखा बसवला नव्हता,
व्याज मात्र फिरत होतं.

आम्ही अजून जेलरोडलाच, भाड्यानं, सतरा वर्षं.
इथल्या मालकांना भिंतीला खिळा चालत नाही.
सासऱ्यांचा फोटो टीव्हीला टेकून उभा,
कॅलेंडर खिडकीच्या गजाला.
इंडेक्स टू चा कागद गाद्यांच्या खाली,
मंदाकिनी दिगंबर आहेर,
कधी कधी काढून नुसता वाचते.
रेशनकार्डावर मी तिसरी आहे.

मग हर्षाली गावित आली, सुरगाण्याची,
अंबडच्या कंपनीत, रात्रपाळी.
डिपॉझिट तुकड्यांनी दिलं तर चालेल का काकू,
आत्ता तीन हजार, बाकीचं बोनसवर?
आणि माझ्या तोंडून, कुठून कोण जाणे,
निघून गेलं, स्वतःचेच आहेत ना?
पोरीने नोटांकडे पाहिलं.
क्षणभर थांबली.
स्वतःचेच, म्हणाली.
मी मोजल्या नाहीत.

परवा रात्री तिचा फोन, पाळीवर निघायच्या आधी.
काकू, भिंतीला एक खिळा ठोकू का? एकच.
आईनं आरसा पाठवलाय.

मी आमच्या भिंतीकडे पाहिलं,
सतरा वर्षांची गुळगुळीत, कुणाचीच नाही अशी.
दिगंबर खुणेनं विचारत होता, काय झालं, पैसे मागतेय का.
मी म्हणाले, ठोक बाई.
आणि फोन ठेवू नको,
मला ऐकू दे.