तीनशे चाळीस

मालारच्या आमच्या घरात फोनची एकच तार येई,
तीही दमट.
मोडेमच्या पाठीवर छप्पन्न हजार छापलेलं,
जोडणी लागे अठ्ठावीस हजार आठशेला,
वारा असेल तर त्याहून कमी.

दिवाडीची शेवटची फेरीबोट गेली, दर उतरला,
की मी मोडेमवर उशी दाबून डायल करायचो.
आधी शिट्टी, मग खाकरणं,
मग दोन मांजरांचं भांडण पत्र्यावर,
आणि एकदम गप्प.
त्या गप्प होण्यासाठी मी दिवसभर थांबलेला असायचो.

सर्व्हर सिंगापुरात.
माझ्या गोळीला तिथवर जाऊन यायला
तीनशे चाळीस मिलिसेकंद.
पर्वरीच्या ब्रेंडनला दोनशे दहा.
म्हणजे मला तो दारात दिसे
तेव्हा तो जिन्यावर पोचलेला असे,
आणि मी मेलेला असे,
फक्त मला अजून कळवलेलं नसे.

मग मी एकेक गोष्ट काढत गेलो.
स्वयंपाकघरातला दुसरा फोन काढला.
वीस मीटर वायर गुंडाळून माळ्यावर टाकली,
दोन मीटरची लावली, फ्रिजपासून लांब.
चुका तपासणं बंद केलं, माहिती दाबून भरणं बंद केलं;
नाहीतर मोडेम कारकुनासारखा,
गठ्ठा पुरा बांधून होईपर्यंत
एक कागद पुढे सरकवत नाही.
रसायनशास्त्राच्या वहीच्या मागे
एटीने सुरू होणारी एक ओळ होती,
मला ती सूत्रांपेक्षा पाठ.

तीनशे दहा.

लाइनमन पुंडलीक गावस सायकल फेरीत घालून आला.
खांबावरची पेटी उघडली तर आत हुमल्यांचा संसार.
शिव्या देत त्याने तो झाडला, जोड नवे मारले,
ग्रीस चोपडलं, मग कानाला रिसीव्हर लावून
बराच वेळ डोळे मिटून उभा.
"आता दर्या आयकूं येना," म्हणाला.
चावलेली बोटं चोखत चहा प्याला.

दोनशे ऐंशी!
त्या रात्री ब्रेंडनला मी तीनदा पाडलं.

त्याच रात्री बाबा
कुठल्याशा बंदराबाहेर नांगरलेल्या तेलाच्या जहाजावरून
चाळीस मिनिटं आमचा नंबर फिरवत होते.
आमची लाइन
सबंध वेळ बिझी.

आई रागावली नाही.
पुढच्या गुरुवारी मोडेमची पिन तिने स्वतः काढली,
स्टूल ओढून फोनपाशी बसली.
उपग्रहावरून येताना बाबांचा आवाज मागे राहायचा,
दोघांचे हॅलो मध्येच एकमेकांवर आपटायचे,
दोघंही थांबायचे, दोघंही पुन्हा एकदम सुरू.
माझ्याशी बोलताना तर नुसताच गोंधळ.
आईचा नाही व्हायचा.
ती प्रश्नाची वाटच बघायची नाही.
"जेवलो. सुदीनची फी भरली. दाढ बरी आहे.
काजूला मोहोर बरा आलाय, पाटाचं पाणी आलं."
आणि मग, तिने बोलून झाल्यावर,
तिकडून एकेक प्रश्न उतरायचे,
जेवलात का, फी भरली का, दाढ?
ती मान हलवायची, जणू ते दिसतंय त्यांना.

मी दारात उभा.
माणूस दिसतो तिथे मारायचं नाही,
तो पोचणार असेल तिथे मारायचं,
हे शिकायला मला अख्खं वर्ष लागलं होतं.

गुरुवारी अकरा ते बारा मी खेळणं सोडलं.
इतर दिवशी ब्रेंडन मारतच राहिला मला.

आता घरात फायबर आहे, पिंग अकरा.
मोडेम त्या वीस मीटर वायरीसकट माळ्यावर.
बाबा निवृत्त, जेवायला आईच्या समोरच बसतात.
त्यांचा हात ताटाबाहेर निघायच्या आत
ती म्हणते, "मीठ डावीकडे."
बाबा जरा थांबतात,
आवाज पोचायला लागतो तेवढं,
आणि म्हणतात,
"हां. मिळालं."