उतरावं लागत नाही

सरळ वाट साडेतीन किलोमीटर.
मी पाच जाते.
आरोग्य केंद्रातले डॉक्टर नवे, लातूरकडचे.
मोबाइलवर नकाशा उघडून विचारतात,
कोकिळाताई, रस्ता तर नाकासमोर आहे की.

सांगितलं त्यांना वाऱ्याचं.
होळी सरली की वारा मावळतीकडून येतो
आणि माझं उपकेंद्रही मावळतीलाच.
सरळ वाटेला आडोसा म्हणून नाही,
पऱ्हाट्या उपटलेली रानं, तापलेली काळी ढेकळं.
पाटाच्या कडेनं निंब आहेत, एकोणीस.
मोजलेत,
कारण मागे कॅरिअरवर लशीची निळी पेटी असते,
आत चार बर्फाच्या विटा,
आणि त्यांचं पाणी व्हायच्या आत
मला मंदाकिनी सिस्टरच्या दारात उभं राहायचं असतं.

सांगितलं काट्यांचं.
बोरीच्या उतारावरून कुंपणाच्या बाभळी ओढून नेतात,
काटा सांडत जातो गावापर्यंत.
सांडू मिस्तरी पंक्चरचे वीस घेतो,
वर ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा असा निरखत बसतो
जसं पोरीला स्थळ बघतोय.

सांगितलं खडीच्या डंपरचं,
अमळनेरहून येतात ते, हॉर्न आधी आणि धूळ नंतर.
वीटभट्टीवरच्या पिवळ्या कुत्रीचं, यंदा व्यालीय ती,
फिरतं चाक दिसलं की तिचं डोकं फिरतं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं.
वारा, ऊन, काटे, डंपर, कुत्री.
खोटं त्यात एकही नाही.

पार सांगितला नाही.

सरळ वाट गावात शिरते ती पिंपळाच्या पारापुढून.
तिथं दगा आप्पा, हिलाल नाना, माझे चुलत सासरे,
आणि ठार बहिरा झालेला तोताराम,
रस्त्यात पाय पसरून, बिडी विझलेली.
त्यांच्यासमोरून बाईनं सायकलवर बसून जाऊ नये
असं कुणी कधी म्हटलेलं नाही.
पण पदराला एक हात लागतो, हँडलला दोन,
आणि देवानं दिलेत ते एवढेच.
म्हणून उतरायचं. हातात धरून न्यायची, शंभर पावलं.
मग पुन्हा चढायचं,
आणि चढताना तर सगळे जास्तच बघतात.
अडतिसाव्या वर्षी शिकले मी,
पोरीच्या शाळेच्या सायकलवर,
कोरड्या नदीच्या वाळूत, जेवणं झाल्यावर, अंधारात.
चढायला मला अजून दगड लागतो.

पाटाच्या वाटेवर उतरावं लागत नाही.
जास्तीचा दीड किलोमीटर आहे तो त्याचाच.

मागल्या बुधवारी पाट फुटला.
निंबाखाली गुडघाभर चिखल,
पेटीत बर्फ, उपकेंद्रात अकरा लेकरं वाट बघत.
सरळ निघाले.
पिंपळ दिसला तसे पाय आपोआप सैल पडले.
मग आठवलं, तिथं दगड नाही.
उतरले तर चढू कशावरून?

दुसरं काही मनात नव्हतं, खरंच.
पदर दातात धरला.

"कोन शे व ती?"
"कोकिळा शे."
"उतरनी नही रे ती."
आणि तोतारामनं, ज्याला यातलं काही ऐकू गेलं नाही,
रस्त्यातले पाय आत ओढून घेतले.

सिस्टरनं पेटी उघडली. तीन विटा अजून शाबूत.
मला मात्र घाम असा सुटलेला
की तिनं आधी माझंच बी.पी. बघितलं.

पाट परवा दुरुस्त झाला.
येताना मी तिकडूनच येते, निंब आहेत ना.
डॉक्टर विचारत होते, आता जाताना कुठून?
म्हटलं, बघू,
वारा कसा आहे त्यावर.